नऊ नंबर

गॉलवे, आयर्लंड
३ नोव्हेंबर २०२४

आबा,

नमस्कार पोचला असं समजा. फोन तुम्ही उचलत नाही. माझा नंबर दिसला की कापता, हे सहा वर्षांत मला पाठ झालंय. म्हणून कागद. पाथरीचा पोस्टमन तुम्हाला 'गुरुजी' म्हणतो, तो हातात दिल्याशिवाय हलणार नाही, आणि हातात आलेलं लिखाण न वाचता बाजूला ठेवणं तुम्हाला जमत नाही. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाला ते कसं जमंल.

मुद्द्याचं सांगते. मी डोळ्यांचं लेझर ऑपरेशन करून घ्यायलेय. नऊ जानेवारीला, हैदराबादला. चष्मा कायमचा जाणार.

मी जिथं नर्स आहे त्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर हेच ऑपरेशन होतं. पण इथं जेवढ्यात एक डोळा होतो, तेवढ्यात तिकडं दोन्ही डोळे, विमानाचं येणंजाणं आणि आत्याला एक इरकल साडी एवढं सगळं होऊन वर उरतं. इथले लोकसुद्धा त्याच हिशेबानं तुर्कस्तानला जातात. माझ्या वॉर्डातली एक बाई इस्तंबूलहून डोळे करून आली, येताना गालिचा पण घेऊन आली. ती मला म्हणाली, तू एवढ्या लांब भारतात कशाला जातेस? मी म्हणाले, तिथं माझ्या भाषेत बोलणारी माणसं आहेत. तुम्ही सोडून, हे मी तिला सांगितलं नाही.

आता तुम्ही मनात काय म्हणायलात तेही मला ऐकू येतंय. 'चष्मा काढायचाच होता तर तेव्हाच काढायचा. माझी इज्जत कशाला घालवलीस?' आबा, तेव्हा तो लपवायचा होता. आता काढायचाय. या दोन्हीत फरक आहे, आणि तुम्हाला तो कळत नसंल तर मी परत सांगते, वर्गात सांगतात तसा, फळ्यावर लिहून.

तुमच्या बाजूची गोष्ट पाथरीत सगळ्यांना माहीत आहे. माझ्या बाजूची एकदा कागदावर असू द्या.

मानवतचे भगवानराव त्यांच्या मुलासाठी मला बघायला येणार होते. आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "चष्मा काढून ठेव, एका तासाचा तर प्रश्न हाय." भगवानरावांना तुम्ही आधीच सांगून बसला होतात की पोरीला चष्मा नाही. मला नऊ नंबर. चष्म्याशिवाय स्वतःच्या हाताची बोटं मोजायची तर हात नाकापाशी आणावा लागतो. लेन्स लावून बघितल्या होत्या, डोळे तांबडेलाल व्हायचे. मग आत्यानं मला पढवलं: दारातून सात पावलं, डावीकडची पहिली खुर्ची भगवानरावांची, तिथं वाकायचं. मी सात पावलं मोजली, पदर सावरला, वाकले. तेवढ्यात कूलरची हवा लागंना म्हणून भगवानराव उठून पलीकडच्या खुर्चीवर गेले होते. मी त्या जागी बसलेल्या त्यांच्या जीपच्या ड्रायव्हरच्या पाया पडले. चांगलं डोकं टेकवून पडले. तो बिचारा हातात बशी घेऊन उठून उभा राहिला. तुम्ही लगेच म्हणालात, "आमच्या घरी लहानमोठा भेद न्हाई." सगळे खूश झाले. पोरगी संस्कारी आहे म्हणून स्थळ पक्कं झालं.

इथल्या माझ्या मैत्रिणींना मी हे सांगते तेव्हा त्या पोट धरून हसतात. मी पण हसते. पुढचं मात्र मी कुणाला सांगत नाही.

साखरपुड्याला स्टेजवर माझ्या हातात अंगठी दिली आणि मला मुलाचं बोट सापडंना. लोक हसायले. मी आत्याच्या पिशवीतून चष्मा काढला आणि घातला. एवढंच केलं. भगवानराव उठले, म्हणाले, "गुरुजी, हे काय? ही तर फसवणूक झाली." आणि दोनशे माणसांत तुम्ही म्हणालात, "आमाला कुठं माहीत होतं? पोरीनं आमच्यापासूनबी लपवलं."

चौथीत मी फळ्यावरचं चुकीचं उतरवते म्हणून मला परभणीला डॉक्टरकडं कुणी नेलं होतं? आई गेल्यावर रोज सकाळी शाळेला निघताना माझ्या चष्म्याच्या काचा उपरण्याच्या टोकानं कोण पुसून द्यायचं? आणि तुम्हाला माहीत नव्हतं.

मी तिथल्या तिथं म्हणाले, "आबा खोटं बोलायलेत." तुम्ही म्हणालात, आजपासून तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. ते तुम्ही पाळलंत. शाळेची घंटा पण इतकी नेमानं वाजत नव्हती.

मला माफी नको. लग्न मोडल्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही, आताही नाही. मला एकच पाहिजे. ज्या लोकांत तुम्ही मला खोटी पाडलंत, त्यांच्यातल्या चार माणसांपुढं एवढं म्हणा: मला माहीत होतं. तीन शब्द आहेत. बाकीचा अबोला तुम्ही जन्मभर पाळा, माझी हरकत नाही.

हैदराबादच्या दवाखान्यात कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. त्या जागी तुमचं नाव यावं अशी माझी इच्छा आहे. आलात तर आलात. नाहीतर सोनपेठहून आत्या येणारच आहे.

राजेश्री


हैदराबाद
८ जानेवारी २०२५

आबा,

तुम्ही आला नाहीत. काल दिवसभर मी दवाखान्याच्या दाराकडं बघत होते. आत येणारा प्रत्येक पांढरा शर्ट मला तुमचाच वाटायचा, कारण तपासणीसाठी चष्मा काढून ठेवला होता.

आत्या माझ्यासोबत आहे आणि दवाखाना तिनं ताब्यात घेतलाय. इथं देशोदेशीची माणसं येतात. सुदानची, येमेनची, केनियाची, सगळी स्वस्तात डोळे दुरुस्त करायला आलेली. आत्याच्या शेजारी सुदानची एक बाई बसली होती, तिचा मुलगा तपासायला आत गेला होता. आत्यानं तिला आपल्या दखनीत विचारलं, "कित्ते बच्चे हैं तुमकू?" त्या बाईला एक अक्षर कळलं नाही. आत्यानं डब्यातली दशमी काढून अर्धी तिच्या हातावर ठेवली, वर शेंगदाण्याची चटणी. तिनं खाल्ली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्या मला म्हणते, "बग, हिला बिचारीला माहेराची आठवण आली." मी म्हणाले, आत्या, चटणी तिखट आहे.

आता खरं सांगते. पहिल्या पत्रात मी लय तोऱ्यात लिहिलं होतं की चष्मा जाणार. तेव्हाच मला माहीत होतं की कदाचित जाणार नाही. लेझर बुबुळाचा वरचा थर घासून त्याला नवा आकार देतं. नंबर जितका मोठा तितकं जास्त घासावं लागतं, आणि बुबुळ मुळातच पातळ असंल तर डॉक्टर हात लावत नाहीत. नऊ नंबर म्हणजे अगदी काठावरचा. गॉलवेहून इथं येईपर्यंत सोळा तास मी हाच विचार करत होते. मोजमाप चुकलं तर परत तोच चष्मा नाकावर ठेवून जायचं, आणि तुमच्यापुढं माझी फजिती ती वेगळीच.

काल मशिनीपुढं हनुवटी टेकवून बसले. डॉक्टरबाईंनी एकदा मोजलं, परत मोजलं. रोज दुसऱ्याला सांगते, घाबरू नका, काही होत नाही, आणि स्वतःची वेळ आली तर स्टूल धरून बसले. बाई म्हणाल्या, "जाडी चांगली आहे. करू या." मी बाहेर येऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "असणारच. तुझ्या बापाची कातडी काय कमी जाड हाय?" सगळे वळून बघायले इतकी मी हसले.

नातेवाइकाच्या जागी आत्यानं सही केली. लय वेळ लावला, जीभ बाहेर काढून एकेक अक्षर काढलं, बायनाबाई. पुढं 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. तिनं लिहिलं, बापाची बहीण. आत्या म्हणून मोकळी झाली असती, पण नाही. तुमचं नाव नाही, तरी तुम्ही त्या कागदावर आहात.

उद्या अकरा वाजता.

राजेश्री


हैदराबाद
१० जानेवारी २०२५

आबा,

दिसतंय.

हा एकच शब्द लिहून पाकीट बंद करणार होते. पण तुम्ही म्हणाल, उत्तर सविस्तर लिहा.

काल आत झोपवलं, डोळ्यांत बधिर करायचे थेंब घातले. पापणी मिटू नये म्हणून तिला चाप लावला. वर एक हिरवा ठिपका. बाई म्हणाल्या, त्याच्याकडं बघत राहा, हलू नका. मग डोळ्यावर दाब आला आणि सगळं काळं झालं. मला माहीत होतं काळं होणार म्हणून, मी शिकलेली नर्स आहे, तरी त्या दहा-वीस सेकंदांत मी आईला हाक मारली. मोठ्यानं नाही, मनात. मग केस जळाल्याचा वास, कसली तरी टकटक, आणि ठिपका परत आला. दुसरा डोळा. उठवून बसवलं तेव्हा चुलीच्या धुरातून बघावं तसं सगळं पांढुरकं. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यागत चुरचुरायचं, पाणी थांबायचं नाव घेत नव्हतं. आत्यानं दृष्ट काढायला मिरच्या आणल्या होत्या. नर्सनं धूर करू दिला नाही. मग तिनं मिरच्या माझ्यावरून उतरवल्या आणि दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. तो रक्तापुवाच्या कचऱ्याचा पिवळा डबा होता, त्याबद्दल नर्सची आणि तिची जुंपली.

आज सकाळी डोळे उघडले. लॉजच्या खोलीत वर पंखा होता. आबा, मी पंख्याची पाती मोजली. पडल्या पडल्या, हात उशाशी न नेता. चौथीपासून माझ्या प्रत्येक सकाळची सुरुवात उशाशी चाचपडण्यानं झाली. चष्मा खाली पडला असला तर गुडघ्यावर बसून, तळहातानं फरशी पुसत शोधायचा. आज पंख्याच्या एका पात्यावर कोळ्याचं जाळं होतं ते पण दिसलं. मी आत्याला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "ह्याच्यासाठी एवढा खर्च केलास?" मग पदर डोळ्याला लावून रडली.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरबाईंनी समोरचा तक्ता वाचायला सांगितला. मी वरपासून खालपर्यंत वाचला. सगळ्यात खालची बारीक ओळ पण वाचली. बाई म्हणाल्या, बास. मी म्हणाले, थांबा, परत एकदा वाचते. मागं दहा जण खोळंबले होते. मी परत वाचला.

रस्त्यावर आले आणि वाचतच सुटले. बसच्या पाट्या, दुकानांची नावं, तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासची जाहिरात, पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाच्या शर्टावरचं लिहिलेलं. आत्याला मोठ्यानं वाचून दाखवत होते, ती कंटाळून म्हणाली, "आगं गप की आता, लोक बगायलेत." बघू द्या. मला पण ते बघताना दिसत होते.

हे तुम्हाला कशासाठी लिहायलेय? कारण हा आनंद सांगायचा म्हणून मी डोक्यात माणसं मोजली आणि पहिलं नाव तुमचं आलं. मला राग आला त्याचा, पण आलं.

बारा तारखेला आम्ही सोनपेठला पोचतो. आठवडाभर डोळ्यांत पाणी, धूळ, ऊन जाऊ द्यायचं नाही, बाहेर पडताना काळा गॉगल. वीस तारखेला माझं विमान आहे. सोनपेठ पाथरीपासून किती लांब आहे ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

राजेश्री


सोनपेठ
१४ जानेवारी २०२५, संक्रांत, दिवस मावळता

आबा,

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे पुढचं नीट लागंल.

परवा आम्ही सोनपेठच्या स्टँडवर उतरलो. धूळ उडत होती. डोळ्यांवर गॉगल, आणि खड्ड्यात पाय पडू नये म्हणून आत्यानं माझा हात धरलेला. पाथरी-सोनपेठ जीप चालवणारा भुजंग तिथं सीट भरत उभा होता. त्यानं आत्याला लांबूनच हात केला, आत्यानं पण केला. बास. काल शेजारच्या धुरपताबाई तोंडावर पदर घेऊन आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायल्या, "कसं झालं गं माय, एवढी शिकलेली पोरगी." मग कळलं. पाथरीत बातमी झालीय की गोविंद गुरुजींची पोरगी स्वस्तातलं ऑपरेशन करायला गेली आणि दोन्ही डोळे गमावून बसली. माझं हैदराबादचं दुसरं पत्र चार दिवस झाले तरी वाटेत आहे, आणि भुजंगची बातमी दोन तासांत घरोघर पोचली. मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही कापला.

आज अकराच्या सुमाराला मी अंगणात बाजेवर बसले होते, गॉगल लावून. आत्या आत चुलीपुढं गुळाच्या पोळ्या करायली होती. फाटक वाजलं. तुम्ही आलात.

आत्या दारात आली. ती काही बोलणार तेवढ्यात तुम्ही ओठांवर बोट ठेवलं. तिनं माझ्याकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं, आणि त्या बाईच्या डोक्यात काय उजाडलं ते मला बाजेवरून दिसलं. ती आत निघून गेली. तुम्हाला वाटलं, तुमच्या शब्दाला मान दिला. ती आत पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती.

मी सहा वर्षं ठरवून ठेवलं होतं, तुम्ही समोर आलात की काय काय बोलायचं. पण तुम्ही माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं तसं डोळस माणसाकडं कुणी बघत नाही. मी गॉगलला हात लावला नाही.

तुम्ही समोरच्या स्टुलावर बसलात. मला कुठं दिसतंय, म्हणून तुम्ही बिनधास्त बसलात. आबा, तुम्ही लय वाळलात. स्वेटरचं मधलं बटण नाही. दाढी दोन दिवसांची, सगळी पांढरी. तुम्हाला चष्मा लागलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलीय. तो तुम्ही काढलात आणि रडलात. तोंड फिरवून रडला नाहीत. फिरवायची गरज नव्हती. आई गेली तेव्हा तुम्ही गोठ्यामागं जाऊन रडला होतात, मला नुसता आवाज आला होता. आज पहिल्यांदा बघितलं.

मग तुम्ही उठलात. अंगणात बादली होती ती उचलून भिंतीला लावलीत. दोरी पडली होती ती गुंडाळलीत. माझ्या चपला बाजेच्या अगदी खाली, पाय सोडला की सापडतील अशा ठेवल्यात. खिशातून पुडी काढलीत आणि तीळगूळ माझ्या तळहातावर ठेवला. तो देताना सगळं जग जे म्हणतं ते तुम्ही म्हणाला नाहीत. धन्य आहे तुमची. मी खाल्ला आणि म्हणाले, "आत्या, गूळ चांगला झालाय." तुम्ही हसलात.

वाण द्यायला बायका येऊन फाटकापाशी उभ्या राहिल्या. मी आत जायला उठले तर तुम्ही माझा दंड धरलात. उंबऱ्यापाशी गुडघ्याला टिचकी मारलीत, पाय उचल म्हणून. लहानपणी अंधारात मारायचात तशी. मी म्हणाले, "आत्या, तुझे हात लय खरबरीत झाले गं." आतून आत्याला ठसका लागला. तुम्ही मला भिंतीशी बसवलंत, डोक्यावर हात ठेवलात आणि गेलात.

आबा, मला दिसत होतं. सगळं दिसत होतं. स्वेटरची वीण पण दिसत होती.

बोलले का नाही? बोलले असते तर तुम्ही हात सोडला असता. म्हणून नाही बोलले. ही फसवणूकच झाली, मला माहीत आहे. तुम्ही शिकवलेली चष्मा लपवायची विद्या आज मी तुमच्यावरच वापरली. राग आला तर येऊ द्या.

पण मी आंधळी झालेय या फिकिरीत तुम्हाला आणखी एक दिवस ठेवणं मला जमंना. म्हणून भुजंगच्याच हातानं ही चिठ्ठी पाठवतेय. खरी बातमी पण त्यानंच फिरवावी म्हणून त्याला ती समोर बसून वाचून दाखवली असती, पण त्याची जीप निघालीय.

तीन शब्द अजून बाकी आहेत. ते मी सोडलेले नाहीत. पण आज तुम्ही बादली बाजूला ठेवलीत ते मी कधीच विसरणार नाही, हे पण लिहून ठेवते.

राजेश्री


पाथरी
१५ जानेवारी २०२५

चिरंजीव राजेश्री,

तुला लिहायला बसलो तर पहिल्या ओळीपाशीच अर्धा तास गेला. सवय राहिली नाही. तुझी चिठ्ठी भुजंगनं काल रात्रीच आणून दिली. हैदराबादचं दुसरं पत्र आज दुपारी आलं. दोन्ही दोन-दोन वेळा वाचली. पंख्याचं तीन वेळा वाचलं.

आता माझं ऐक. तुला दिसतं हे मला दुसऱ्या मिनिटालाच कळलं होतं. बायनाच्या कोंबडीचं पिलू तुझ्या पायाखाली आलं आणि तू अलगद पाय उचलून बाजूला ठेवलास. पस्तीस वर्षं फळ्याकडं तोंड करून मागं कोण काय करायलंय ते ओळखत आलोय. मला गॉगल घालून काय फसवतेस.

रडलो ते पिलू यायच्या आधी नाही, नंतर रडलो. दिसतंय म्हणून रडलो.

तेव्हाच उठून निघायला पाहिजे होतं. पण उठलो असतो तर तुला कळलं असतं की मला कळलं, मग बोलावं लागलं असतं नाहीतर न बोलता निघावं लागलं असतं. दोन्ही नको होतं. म्हणून बादली उचलली. तिथं बादली उचलायची काही गरज नव्हती. उंबऱ्यापाशी तुला धरायची पण नव्हती.

फाटकात चार बायका उभ्या होत्या. तू गॉगल काढून नुसतं म्हणाली असतीस, "बघा, आमचे आबा आलेत, आताच रडले," तर दिवस मावळायच्या आत सबंध तालुक्यात माझी शोभा झाली असती. ती संधी तुला होती आणि मी ती तुला दिली होती. तू मला सांभाळून घेतलंस. मी तुला दोनशे माणसांत सांभाळलं नव्हतं. बसमध्ये बसलो आणि हे माझ्या उरावर बसलं, खाली उतरंना.

पाथरीला उतरलो तो घरी गेलो नाही. मानवतची गाडी धरली. तुझी चिठ्ठी तेव्हा मला मिळायची होती, हे लक्षात ठेव. तू मागितलं म्हणून गेलो नाही.

भगवानराव त्यांच्या खताच्या दुकानात होते. संक्रांतीचं म्हणून पाच-सहा मंडळी बसली होती, त्यातली तिघं त्या दिवशी साखरपुड्याला होती. भगवानराव म्हणाले, "या गुरुजी, लय दिवसांनी वाट चुकलात." मी बसलो नाही. बसलो असतो तर परत उठवलं नसतं. उभ्यानंच म्हणलो, "माझ्या पोरीला नऊ नंबर होता. मला माहीत होतं. चौथीपासून माहीत होतं. तिनं काही लपवलं न्हाई. चष्मा काढून ठेव म्हणून मीच तिला सांगितलं, आन नंतर तुमच्यापुढं खोटंबी मीच बोललो."

कोपऱ्यात हमाल पोती मोजायलेला, त्याची मोजणी चुकली. भगवानराव म्हणाले, "गुरुजी, सहा वर्षं झाली. माझ्या पोराला दोन लेकरं झाली. आता हे कशापायी?" मी म्हणलो, "तुमच्यासाठी न्हाई आलो मी." मग त्यांनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत छाती हलकी झाली होती. ते म्हणाले, "आता दिसतं का पोरीला?" म्हणलो, "खालची बारीक ओळपण वाचते." हे मी अंदाजानंच ठोकून दिलं. आज पत्र वाचल्यावर कळलं की बरोबर निघालं.

रात्री भुजंग चिठ्ठी घेऊन आला तेव्हा त्याला दारातच उभं केलं आणि हेच सगळं परत ऐकवलं. म्हणलो, जेवढ्या वेगानं ती बातमी आणलीस तेवढ्याच वेगानं ही ने. आज सकाळी चौकात चार जणांनी मला थांबवून विचारलं. चौघांनाही म्हणलो, माहीत होतं. पहिल्यांदा जड गेलं. चौथ्याला मी स्वतःच थांबवलं होतं.

तू मागितलेले तीन शब्द पोचते झाले. उरलेला अबोला मी जन्मभर पाळला तर तुझी हरकत नाही असं तू लिहिलंयस. माझी हाय.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं येतोय. बायनाला सांग, दोन वेळचं जेवण तिकडंच हाय. सहा वर्षांचं साठलंय, चिठ्ठीत मावायचं न्हाई. समोर बसून बोलतो.

तुझा
आबा